बेसूर मंडळी पाहिजे

वडनेर भोलजी,
१० डिसेंबर

सन्माननीय जवाईबापू राजकुमारराव यांना मोठा साळा कारभारी याचा प्रभूच्या नावात सलाम.

तुमची तब्येत, आमच्या अनुपमाचे गुडघे अन् खामगावची थंडी, तिन्ही बरे असतील असं धरून चालतो. (आठ वर्षांत पत्र नाही म्हणून रागावू नका. तुम्हीही टाकलं नाही, अन् माह्यात तेवढी हिंमत नव्हती.) इकडं माह्यं काही खरं नाही. भूक लागत नाही. पेटीच्या भात्याले भोक पडलं, तेही बुजवावं वाटत नाही.

आपल्या चर्चच्या गायन मंडळीत आम्ही चारच उरलो होतो: मी, तबल्यावर गोविंदा (अर्धा बहिरा), पुष्पाबाई अन् तिची सून अपेक्षा. पाळकसाहेबानं बजावलंच होतं, चाराचे तीन झाले तर नाताळाले मोबाईलची गाणी स्पीकरच्या खोक्यातून लावू. माह्या बाच्या मातीले हीच मंडळी गायली होती, बापू. माह्या मातीले खोकं वाजणार, ह्या विचारानं घास उतरत नाही.

तशात दिवाळीनंतर पुण्याचे शिनेमावाले आले. डबघाईले आलेल्या चर्चच्या मंडळीवर विनोदी शिनेमा काढून राह्यले होते, अन् त्याईले मंडळी खरीच पाहिजे होती. आमच्यापेक्षा डबघाईची कुठं भेटणार? डायरेक्टर पोरगा आमचं एक गाणं ऐकून एवढा हसला की डोळ्यातून पाणी आलं. आठ दिवसांनी शूटिंगले येतो म्हणे.

आता शिनेमात आपलं नाक कापलं जाऊ नये म्हणून आम्ही आठही दिवस रियाज केला. गोविंदाले मी त्याच्या मांडीवर थापा मारून ठेका शिकवला (मांडी अजून काळीनिळी आहे). पुष्पाबाईनं ताक सोडलं, चिंच सोडली. खोटं नाही सांगत, चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचं गाणं एकाच वेळी सुरू झालं अन् एकाच वेळी संपलं. पुष्पाबाई रडली. मीही रडलो.

डायरेक्टरचं तोंड मात्र उतरलं. पहिल्यासारखं गा ना, म्हणे. लय प्रयत्न केला, पण बसलेला सूर काही हलेना. शेवटी त्यानं गावातल्याच उकंडरावचं भजनी मंडळ आणलं (ते रियाज करतच नाहीत), त्याईले पांढरे झगे शिवले, अन् आमच्याच चर्चमध्ये उभं केलं. मी बाहेर त्याईच्या चपलांपाशी बसलो होतो. उकंडराव आता दळण आणायलेही झगा घालून जाते.

अन् अपेक्षा! आपण चांगलं गातो हे तिले कळलं, तशी ती गाण्याच्या स्पर्धेसाठी नागपूरले गेली. तिथंच राहणार म्हणे.

असो. काही मागायसाठी पत्र लिहिलं नाही, गैरसमज नसावा. अनुपमाले अन् लेकरांले आशीर्वाद.

तुमचा,
कारभारी

ता. क. – नाताळाले चौथा माणूस पाहिजे.

ता. क. दुसरा – आठ वर्षांमागं भर उपासनेत पेटी थांबवून मी तुम्हाले 'बेसूर आहा, खाली बसा' म्हटलं, ते चुकलं. जवाईले असं म्हणू नये, बेसूर असला तरी. त्या दुपारी तुम्ही आमच्या घरी जेवणाच्या ताटावरून उठून गेले, ते मले अजून दिसते.

ता. क. तिसरा – या. भाता बुजवून ठेवतो. फक्त तिकडून रियाज करून येऊ नका. चांगलं गायलं की माणसं जातात. तुम्ही बेसूर या, पण या. (पहिलं कडवं तेवढं हळू आवाजात.)