वास गेला

बुधवार, दिवेलागण

आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास नव्हता. सासूबाई खूश. "आपल्या बावीतून शेंदलेल्या पाण्यासारखं गोड लागतंय!" मला राहवेना. पाणी सोडणारे गुरवभाऊ रस्त्यात भेटले, विचारलं. "वहिनी, वासाची तक्रार सगळ्यांचीच. पावडर टाकायचीच सोडली," म्हणाले. आणि हसले! नळाला पाणी येतं त्या गावाच्या विहिरीला लागून नव्या बिल्डिंगच्या संडासाची टाकी, मधे नुसता जांभा दगड, चाळणीसारखा. हे कुणाला दिसत नाही? की मीच घाबरट?

घरी येऊन पाणी उकळायला ठेवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आज कशाला गॅस जाळतेस? वास कुठे आहे?"

खरंच, वास कुठे आहे? रोज नाक मुरडणारी आमची चिमी मी यायच्या आधीच आपणहून दोन पेले प्यायली होती.