फुकटचं तळं

६ एप्रिल
पोचले एकदाची सुरतला! शिरपूरपासून एसटीने अंगाचा पार भुगा केला, तरी मन भारी खूश आहे. डिंडोलीत पुष्पाबाईंकडे वरची खोली मिळाली. बाई अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच चालते. आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. घर सोडल्यासारखं वाटलंच नाही.

उद्यापासून भूपेंद्रभाईच्या स्टुडिओत काम. साड्यांवर छापायची डिझाइनं करायची. माझी मावसबहीण सुषमाताई गेल्या पावसाळ्यापर्यंत तिथेच होती. तेव्हा स्टुडिओ तळघरात होता. माल वेळेवर निघावा म्हणून ह्या गृहस्थाने बाहेरून शटर ओढून कुलूप घातलं, आणि खाडीचं पाणी आत शिरलं. ताईचा शेवटचा फोन मला आला होता. बाहेरून बंद आहे, बाहेरून बंद आहे, एवढंच ओरडत होती. भूपेंद्रभाईने सगळ्यांना सांगितलं, पोरगी मोबाईल घ्यायला परत आत गेली. सगळ्यांना ते पटलं. मी घसा कोरडा करून सांगितलं, ते कुणालाच पटलं नाही.

माझं आडनाव वेगळं, त्यामुळे मी कोण हे त्याला ठाऊक नाही. मला तो बुडालेला बघायचाय. कसा, ते अजून सुचलेलं नाही.

७ एप्रिल
स्टुडिओ आता तिसऱ्या मजल्यावर आहे. शहाणपण आलंय, पण दुसऱ्याच्या जिवावर. भाईला डोंगर-नद्यांच्या साड्या हव्यात, मात्र सॉफ्टवेअरला पैसे नकोत. फ्रीमां मळे छे ने, असं म्हणून मोकळा झाला. शेजारच्या टेबलावरच्या ललितने फुकटचं एक उतरवून दिलं.

उघडलं की नुसती राखाडी सपाट जमीन. एक बटण दाबलं की टेकड्या उठतात. मग डोंगराची उंची, ऊन, धुकं, पाण्याची पातळी, सगळं एकेका पट्टीवर सरकवायचं आणि चित्र तयार व्हायची वाट बघायची. वरून खाली बारीक चौकोन भरत येतात. एक चहा होईस्तोवर जेमतेम आभाळ होतं. संध्याकाळपर्यंत माझा सातपुडा जमला! खोटं कशाला बोलू, कशासाठी आले तेच घटकाभर विसरले होते.

१० एप्रिल
फुकटात चित्र लहानच निघतं. साडी तर केवढी लांब! मग त्याचा रिपीट करायचा. डावी कड उजवीला आणि वरची खालचीला अशी जुळवायची की जोड दिसता कामा नये. नदी डावीकडून बाहेर गेली की उजवीकडून परत आत येते. हात असा बसलाय की आता काहीही काढायच्या आधी मी कडाच जुळवते.

भाई खूश झाला. स्वतःच्या हाताने पेढा दिला. बाहेर जाऊन थुंकून आले.

१९ एप्रिल, आखाजी
वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आज घागर भरतात. पुष्पाबाईंनी त्यांच्या सासऱ्यांची भरली. मी ताईसाठी एक मागितली तर त्या दचकल्या. बुडून गेलेल्याची घागर त्याच्या घरच्यांनीच, त्याच्या गावीच भरायची, परक्या जागी नाही, म्हणाल्या. वर बजावलं, पानीले घर दखाडू नको, माय. पाण्याला घर दाखवलं की ते येतंच म्हणे.

मी कसली ऐकते! स्टुडिओत एक दरी काढली, पाण्याची पातळी चढवून तळं भरलं आणि ताईचं नाव घेतलं.

चित्र झालं तेव्हा काठावर एक बाई उभी होती. पाठमोरी, पिवळ्या ड्रेसमध्ये. मी माणूस घातलाच नव्हता. तो ड्रेस मीच ताईला मागच्या आखाजीला घेतला होता.

भीती नाही वाटली. आधी रडू आलं, मग हसू.

२० एप्रिल
त्याच दरीत भाईचा बंगला उभा केला, गच्चीवरच्या टाकीसकट. पुन्हा चित्र काढलं तर ताई त्याच्या दाराशी होती. म्हटलं, तुझ्या मनात तेच ना? पातळी उंबऱ्यापर्यंत चढवली.

दुपारी भाई आला तो बूट पचपचत. जिन्यात नळ फुटलाय म्हणाला. जिना कोरडा ठणठणीत होता.

२२ एप्रिल
पाणी बंगल्याच्या खिडक्यांपर्यंत आणलं. भाईला धाप लागते, रुमालात मातकट पाणी येतं. डॉक्टरांना काही सापडत नाही. आज तो सारखा विनवत होता, शटर उघडा म्हणून. शटर सताड उघडं होतं. मी मान खाली घालून काम केलं. फार बरं वाटलं.

२३ एप्रिल
छतापर्यंत.

ललितने सांगितलं, भाई गेला. कोरड्या गादीवर, नाकातोंडात खाडीचा गाळ. मी सगळ्यांना माझ्यातर्फे चहा पाजला. करावं तसं भरावं. ताई, झालं बघ.

२४ एप्रिल
चित्र पुसायला गेले. पुसलं जात नाही. बंगला दिसत नाही, नुसतं पाणी, आणि ते डाव्या कडेने बाहेर चाललंय. ताई आता माझ्याकडे तोंड करून उभी आहे. हात हलवतेय.

घरी आले तर खोलीतली चटई ओली.

२५ एप्रिल
पातळी शून्यावर आणली — पुन्हा चढली. संगणक बंद केला, तरी —

पुष्पाबाई विचारतात, वर नळ नाही, मग छतातून गळतं कसं?

कडा. मी कडा जुळवल्या होत्या. सवयीने. त्या बाजूने गेलेलं पाणी ह्या बाजूने आत — ताईचा राग फिटला. पाण्याला कुठला राग आणि कुठलं फिटणं —

२६ एप्रिल
पोटरीपर्यंत. तोच वास, खाडीचा.

ताई 'ये' म्हणत नव्हती. 'पळ' म्हणत होती —

कडी काढलीय. दार हलत नाही. बाहेर शटर ओढल्याचा आवाज झाला. ह्या खोलीला शटर नाहीच —

कमरेला. खाटेवर उभी राहून लिहितेय. पुष्पाबाई दाराबाहेर आहेत. ओरडतेय, बाहेरून बंद आहे, बाहेरून बंद आहे — त्या म्हणतात, नाही गं पोरी, बाहेरून तर काहीच — त्यांना पटत ना