पुढच्या बाकावरची

३ मार्च

वहिनीला सातव्यातच मुलगी झाली. किलोभरसुद्धा नाही. दादाने फोनवर एवढंच सांगितलं.

काचेच्या पेटीत ठेवलीय. बघून आले. चेहरा म्हाताऱ्या माणसाचा, मांड्या माझ्या अंगठ्याएवढ्या. नाकात श्वासाची नळी, तोंडात दुधाची. मला विशेष काही वाटलं नाही.

७ मार्च

वहिनी घरी आली — मुलीला न बघताच. आधीची दोन अशीच गेली. दुसऱ्याचं तर नावही ठरलं होतं. या वेळी म्हणाली, "जगली तर सांगा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दूध मात्र काढून देते. डबी दादाकडे, दादाकडून दवाखान्यात. मुलीचा विषय नाही.

दादाची सुटी संपली. दुपारी मी जाणार. कवळ्या बनवणाऱ्या बाईला कोण विचारतं? बिनदाताची माणसं थांबतात आठवडाभर.

१० मार्च

श्वास घ्यायला विसरते. खरंच विसरते. यंत्र ओरडतं, मोठ्या सिस्टर सावकाश येतात, तळव्यावर टिचकी मारतात, की हिला आठवतं. त्यावर औषध चालू आहे — कॉफीत असतं तेच, म्हणे. वर कावीळ. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली पडलेली.

सिस्टर तिला टिकली म्हणतात. "टिकली म्हणत राहायचं, म्हणजे टिकते." विनोद बरा आहे.

१४ मार्च

सिस्टरनी विचारलं, "तुम्ही मावशी की आत्या?"

"आत्या."

"बटणं काढा आणि इथे बसा. लाजायचं ते घरी जाऊन लाजा."

छातीवर उघडी ठेवली, वरून चादर. अंगाच्या उबेने श्वास सुधारतो, वजन वाढतं, असं त्या म्हणाल्या. हे आईने करायचं असतं. आई येत नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "छाती कुणाची, हे तिला अजून कळत नाही."

वजन जाणवतच नाही. हातरुमाल ठेवल्यासारखं. पाय अवघडला. हलले नाही.

१५ मार्च

गेले. बसले. आले.

२२ मार्च

पोट टम्म फुगलं. कातडी चकचकीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्याला सूज आहे, दूध बंद, सलाईनवर ठेवू. ऑपरेशनचं उद्या-परवा बघू. कवटाळून बसणंही बंद.

दादा म्हणाला, "तिला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही."

सांगितलं. वहिनी मटार सोलत होती. हात थांबले नाहीत. "डबी धुवून ठेव," एवढंच म्हणाली. मग उठून आत गेली, दूध काढायला. आता ते दूध पिणार कोण? विचारलं नाही.

२३ मार्च

जैसे थे.

२५ मार्च

सूज उतरतेय. ऑपरेशन नाही. वहिनीला दारातूनच सांगितलं. तिने ऐकलं असावं.

२ एप्रिल

दूध पुन्हा सुरू, थेंब थेंब. पुन्हा छातीवर. आज तिने माझ्या गळ्यातली साखळी पकडली. सिस्टर म्हणाल्या, पकडत वगैरे नाही, मूठ आपोआप मिटते. बरोबरच आहे. साखळी काढून ठेवायला मात्र विसरले.

१४ एप्रिल

आज डोळे तपासले. लवकर जन्मलेल्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. डोळ्यांचे डॉक्टर घाईत होते. "उद्याच लेझर करू. उजवा वाचेल. डाव्याचं खात्रीने सांगत नाही. जाड चष्मा लागेल. शाळेत पुढच्या बाकावर बसवा."

घरी येताना वाक्यं जुळवत होते. डोळ्याचं कसं सांगायचं? शेवटी जसं ऐकलं तसंच सांगून टाकलं. वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"शाळेत म्हणाले?"

"हो."

"आपणहून म्हणाले? तू विचारलं नव्हतंस?"

"मी कशाला विचारू?"

"पुन्हा सांग. शाळेत पुढच्या?"

"बाकावर."

ती उठली. कपाट उघडलं. दवाखान्यात साडी बरी की गाऊन, असं मला विचारलं.

१५ एप्रिल

लेझर झालं. वहिनी सकाळीच गेली. दारात उंबऱ्याशी अडून उभी राहिली, असं दादा म्हणतो. सिस्टर तिच्यावर ओरडल्या — "बाई, आत या नाहीतर दार लावा, बाहेरच्या एसीची थंडी शिरतेय." मग गेली आत.

१६ एप्रिल

एका बाळाला एकच माणूस, असा तिथला नियम आहे. सिस्टरनी दारातूनच परत पाठवलं. "आता आई येते ना." नियम योग्य आहे.

कामावर गेले. दुपारी प्लास्टर कालवलं. कवळीच्या साच्यात ओतायचं राहिलं, एक हात छातीवर धरून उभी होते. वाटीतच दगड झाला.