विसर्जित रग्बी संघाची पहिली फळी कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. विभागीय क्रीडा अधिकारी,
विभागीय क्रीडा कार्यालय, मैदानालगतची इमारत.

विषय: विसर्जित विभागीय रग्बी संघाची पहिली फळी रविवारपुरती कायम ठेवणेबाबत.

संदर्भ: १) दोन क्लब मिळून एक संघ करण्याचा आपला आदेश. २) तो रद्द करणारा आपलाच आदेश.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व्यवसायाने प्लंबर असून नदीअलीकडच्या क्लबाचा जुना खेळाडू आहे. त्याचा थोरला भाऊ (यापुढे 'दादा') त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. जिन्याखालची जागा कोणाची, यावरून उभयतांचे बोलणे बंद झाले व त्या रागातच दादाने नदीपलीकडचा क्लब धरला.

२. दोन्ही क्लबांना पंधरा माणसे जमेनात, म्हणून आपण त्यांचा एक संघ केला. पहिल्या फळीत मध्ये अर्जदार, डावीकडे बेकरीवाला आणि उजवीकडे दादा अशी नेमणूक झाली. स्क्रममध्ये शेजाऱ्याच्या खांद्याभोवती हात टाकून, वाकून समोरच्यांना रेटावे लागते. अबोला धरून हे जमत नाही. पहिल्या सामन्यात दादा "वाक" एवढेच म्हणाला. पुढे "घट्ट धर" म्हणू लागला. शेवटच्या सामन्यात स्क्रम कोसळला, तेव्हा सगळ्यांच्या खाली, चिखलात, त्याने "लागलं का रे?" असे विचारले. अर्जदाराच्या तोंडात माती गेल्याने उत्तर देणे राहून गेले. ते द्यावयाचे आहे.

संघाने एकही सामना जिंकला नाही, याबद्दल तक्रार नाही. आमची आई प्रत्येक सामन्याला येत असे व स्क्रम कोसळला की टाळ्या वाजवत असे.

३. संघ मोडल्यापासून अर्जदार दर रविवारी बूट घेऊन मैदानावर जातो. दादाही येतो. फाटकाचे कुलूप पाहून दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच घरी परततात. कुलूप आपल्या कार्यालयाचे आहे.

४. तरी रविवारी अर्धा तास फाटक उघडावे. समोरून रेटा नसल्यास फळी तोंडावर पडते. सबब आपल्या कार्यालयातील तीन धडधाकट कर्मचारी समोर द्यावेत. आपण स्वतः आल्यास जोर बेताने लावण्यात येईल.

५. हे नियमात बसत नसल्यास नकाराचे पत्र कृपया दादाच्या नावे काढावे व पाकिटावर "धाकट्या भावास समक्ष द्यावे" असा शेरा मारावा. त्याला एक जिना उतरावा लागेल. अर्जदार दार उघडे ठेवील.

आपला नम्र,
(सही)
प्लंबर, तळमजला
दिनांक: सामना नसलेला आणखी एक रविवार

सोबत: बेकरीवाल्याचे संमतीपत्र. दादाचे जोडलेले नाही. ते मागायला बोलावे लागते.