नेत्राची भरमार

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
२३ सप्टेंबर २०२५

अहो,

नमस्कार. काल इथे घट बसवले. माती मागच्या अंगणातली, गहू इंडियन स्टोअरमधले. माझा गुडघा बरा आहे, बीपीची गोळी रोज घेते, थंडी अजून सोसवते. डबा देणाऱ्या बाईंना भाजीत तेल कमी घालायला सांगितलंत का? नसेलच सांगितलं.

पत्र बघून चक्रावला असाल. रोज फोन होतो, तरी ही बाई कागद का काळे करते! कारण फोनवर नेत्राचं नाव काढलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला तसं करता येत नाही. फार तर फाडाल, पण वाचल्याशिवाय फाडणारे तुम्ही नव्हे. डेन्व्हरची उल्का परवा नागपूरला यायला निघते आहे, तिच्या हाती देते.

तर आधी कबुली. गेल्या आठवड्यात मी उल्काकडे डेन्व्हरला राहायला गेले नव्हते. ती थाप होती. मी डोंगरात होते, तंबूत, तुमच्या लेकीबरोबर. एल्क नावाच्या इथल्या हरणाच्या शिकारीला.

झालं? पाणी प्या आणि पुढे वाचा.

मला ठाऊक आहे तुमचं. सारी नोकरी रेंजर म्हणून भरमार बंदुका जप्त करण्यात गेली, आणि पोटची पोर तीच, नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक घेऊन जंगलात जायला निघाली. गेल्या वर्षी तिनं भाबडेपणानं नव्या बंदुकीचा फोटो पाठवला, आणि "माझ्या घरात शिकारी जन्मला नाही" म्हणून तुम्ही जे तोंड फिरवलंत ते आजतागायत. इथे परवाना लागतो, त्याची सोडत निघते, किती जनावरं मारायची ते सरकार ठरवतं, हे सगळं तिनं तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही उघडूनही पाहिलं नाही. आणि दर रविवारी सावजी मटणाचा रस्सा ओरपणाऱ्या माणसानं... जाऊ दे.

मीसुद्धा नाक मुरडतच आले होते हो. जूनमध्ये तिच्या गॅरेजात ती बंदूक पाहिली तेव्हा म्हटलं, हे काय नसतं खूळ! पण मग अख्खा उन्हाळा मी तिला त्या बंदुकीसाठी दारू आणि गोळी निवडताना पाहिलं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

भरमार एकदा उडाली की पुन्हा भरेपर्यंत जनावर पसार, हे मी तुम्हाला काय सांगणार. म्हणजे सगळी मदार एका बारावर. पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी माझा बेसन तोलायचा डिजिटल काटा पळवला. या सॉफ्टवेअरवाल्यांना स्क्रीनवर आकडा दिसला की ब्रह्मवाक्य वाटतं! दारू काट्यावर ओतली, मग डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि मटकन खाली बसली. ही नव्या तऱ्हेची दारू वजनाला हलकी. ती मापानं घ्यायची, तोलून नाही. तोलून घातली असती तर भलतीच जास्त पडली असती, आणि नळी तोंडावर फुटायची भीती. मी म्हटलं, "अगं, भाताला पाणी आपण वाटीनं घालतो की तोलून?" ती हसली नाही. त्या दिवशी बंदुकीला हातच लावला नाही. मग पितळी माप आणलं आणि काटा मला परत दिला, धुऊन.

पुढे गोळीचा घोळ. दोन तऱ्हेच्या होत्या. एक हलकी, सुसाट, लांबवर सरळ जाणारी. दुसरी शिशाची, चांगली जड, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. ती हळू जाते, लवकर खाली झुकते, म्हणून जनावराच्या जवळ जावं लागतं. तिच्या ऑफिसातला अनीश, पुण्याचा, आमच्याकडे पोहे खायला येतो. तो म्हणाला, "नेत्रा, हलकी घे ना यार, आणि दारू फुल! एल्क घोड्याएवढा असतो. लांबूनच उडव." सगळं ज्ञान यूट्यूबवरचं. ती म्हणाली, "लागणं वेगळं आणि पडणं वेगळं, अनीश. हलकी गोळी हाडावर फुटली तर ते तसंच पळत राहील. जड असली की आत खोलवर जाते."

दर शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर. मी कानात बोळे घालून खुर्चीत. सुरुवातीला तिनंही दारू भरपूर घातली. खांदा काळानिळा झाला आणि कागदावर भोकं कुठल्या कुठे. मग माप थोडं थोडं कमी करत गेली. प्रत्येक बारानंतर नळी पुसायची, पुन्हा माप, पुन्हा गजानं तेवढ्याच जोरानं ठासायचं. मी बसून कंटाळले, ती कंटाळली नाही. दारू कमी झाली तशी भोकं जवळ येत गेली, शेवटी सगळी एका पुरीखाली झाकली असती. तो कागद पाहून अनीशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! मग तिनं ठरवलं: हीच गोळी, एवढीच दारू, आणि ऐंशी पावलांपलीकडे बार नाही. मला अभिमानानं भरून आलं हो. लहानपणी खीर निवेपर्यंत दम नव्हता या पोरीला.

विचारलं, "एवढा जीव का काढतेस?" गज पुसता पुसता म्हणाली, "बाबांचं ते सांबर."

आठवतं ना? पांढरकवड्याला कुणीतरी लांबून भरमार झाडली होती आणि सांबराचा मागचा पाय लोंबत होता. तुम्ही दोन दिवस उपाशीतापाशी रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिलात. नाल्यात सापडलं तेव्हा जखमेत किडे पडले होते, आणि ते जिवंत होतं. घरी येऊन तुम्ही क्वार्टरच्या पायरीवर बसून रडलात. नेत्रा सात वर्षांची, दाराआड उभी. मला वाटलं होतं ती विसरली.

डोंगरात मी झेंडूच्या रंगाचं जॅकेट घालून तिच्या मागे बसायचे. एका सकाळी एल्क आला. अहो, काय जनावर! आपल्या सांबराचा थोरला भाऊच, शिंगं म्हणजे वठलेलं झाड, आणि एवढा मोठा देह ओरडतो मात्र शिट्टीसारखा. नेत्रानं बंदूक उचलली, बराच वेळ धरली आणि खाली घेतली. "लांब आहे गं." या परवान्यासाठी तिनं कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. तो डौलात निघून गेला. मला हायसं वाटलं आणि चुटपुटही लागली.

शेवटच्या दिवशी दुसरा आला. लहानसा, तीन पायांवर. कुणाच्या तरी घाईच्या बारानं मांडी फुटली होती, माश्या घोंघावत होत्या. मी म्हटलं, "बिचारा, सोड त्याला." ती म्हणाली, "सोडला तर दिवसेंदिवस मरत राहील, आई." परवाना एकाच जनावराचा. तो तिनं त्या लंगड्यावर खर्च केला. कोपरांवर सरकत अगदी जवळ गेली. एकच बार. धूर विरला तेव्हा तो जागच्या जागी पडलेला होता, पायसुद्धा झाडले नाहीत. ती त्याच्या डोक्याशी बसून रडली, अगदी तुमच्यासारखी, आवाज न करता. मग डोळे पुसून सुरी काढली. मांडीतून हलक्या गोळीचे तुकडे निघाले. ते तिनं तळहातावर घेऊन मला दाखवले.

मांस फ्रीझरमध्ये आहे. नवरात्र संपेपर्यंत हात लावायचा नाही, हेही तिनंच सांगितलं, मी नाही.

येताना गाडीत म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटेल मी स्वतःची वकिली करतेय." तिनं नाहीच केली. मी करते आहे.

अहो, चाळीस वर्षं मी तुमच्याबरोबर काढली. जनावराचा इतका कळवळा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि तो तुमच्याच घरात जन्मलाय. एका सांबरासाठी तुम्ही दोन दिवस उपाशी चाललात, आणि पोरीला एवढं दुखवून वर्षभर तिची विचारपूस केली नाहीत. मला याचा राग आहे. फोनवर कधी बोलले नाही, आज लिहिते.

तुमच्या सकाळच्या चहाला इथे संध्याकाळ असते, ती कामावरून आलेली असते. पत्र वाचलंत की रोजच्यासारखा फोन करा. मी उचलणार नाही, ती उचलेल. "आईला दे" म्हणू नका, मी फिरायला गेलेली असेन. आणि काय बोलावं सुचलंच नाही, तर दारू किती घातलीस एवढंच विचारा. पुढचं ती बोलेल.

आज आधी नेत्राची आई, आणि मग तुमची,
शोभना