उजव्या मागच्या दाराची फट

२ मार्च २०२५, रविवार
सांगलीहून गाडी आणली. इलेक्ट्रिक. पांढरी. गावातली पहिली. नारळ फोडला, शालनने ओवाळलं, चौकात गर्दी. सुभेदार हंबीरराव रिटायर होऊन गप्प बसला नाही, हे लोकांना कळलं.

एकच गालबोट. मेहुणा. तासगावहून दादासो मुद्दाम आला होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उजव्या मागच्या दाराच्या फटीत बोट घातलं. वरच्या बाजूला बोट पेरापर्यंत आत गेलं, खाली नख जाईना. सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, हितनं उंदीर जाईल की वो.

मी हसून सोडून दिलं. फक्त त्याचं ते बोट धरलं आणि तो खाली बसेपर्यंत वाकवलं. गंमत म्हणून. लोकही हसले. शालन हसली नाही, पण तो तिचा भाऊ पडला.

संकल्प: गाडीवरून कोणावर हात उचलायचा नाही. नव्या वस्तूला नजर लागते.

४ मार्च, मंगळवार
शांतपणे तपासणी केली. दाराची फट आहे. बॉनेटही डावीकडे जरा वर आहे. डिकी बंद केली की एक कोपरा रुसल्यासारखा बाहेर राहतो. हायवेला कराडच्या पुढे वेग घेतला की दारातून शिट्टी वाजते. शालन मागे बसते (पुढे बसली की सूचना देते, म्हणून मीच मागे बसवतो). म्हणाली, कुकर लावलाय का कुठं?

माझं निदान: दार नवं आहे, रबर ताठ आहे. चांगलं आपटलं की बसेल. फौजेत नवे बूट आम्ही असेच बसवायचो. आजपासून प्रत्येक वेळी दार पूर्ण ताकदीने लावायचं. संध्याकाळी प्रॅक्टिस केली. शालन आतून ओरडली, आवं, हळू. दार हाय ते, दुश्मन न्हाई.

तिला टेक्निकल कळत नाही.

९ मार्च, रविवार
गाडी धुतली. पाणी आत. मागची सीट भिजली, तळाला डबकं. मी शांत होतो. पाय घसरला आणि दारावर बसला. तीनदा घसरला. अंगठ्याचं नख काळं पडलं.

शेजारचा कोंडीबा कुंपणावरून बघत होता. दुपारपर्यंत गावभर झालं की सुभेदार गाडीला लाथा घालतोय. संध्याकाळी त्याला समजावून सांगितलं. कॉलर धरून सांगितलं, कारण तो नीट ऐकत नाही. शर्टाचं बटण तुटलं. कोंडीबा म्हणाला, सुभेदार, मारायचं तर मारा, पन शर्ट लेकीनं दिल्याला हाय.

मारणार कोण होतं? लोकांचे गैरसमज फार.

१२ मार्च, बुधवार
सांगलीत विश्रामबागला शोरूममध्ये गेलो. मॅनेजर निमिष, टाय लावलेला, आवाज मऊ. फट बघून म्हणाला, सर, हे टॉलरन्समध्ये आहे, एवढा फरक चालतो.

मी तिथल्या नव्या गाड्यांना बोट लावत फिरलो. एकीचं बॉनेट तिरकं. एकीचा मागचा दिवा अंगाबाहेर आलेला. एकीच्या दाराखालची पट्टी हाताने हलत होती. सगळ्या टॉलरन्समध्ये!

मग मी त्याला साधा प्रस्ताव दिला. तू फटीत बोट घाल, मी दार लावतो, टॉलरन्स कुणाला किती आहे ते बघू. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

शेवटी नरमला. म्हणाला, कंपनीला कळवतो, २४ तारखेला या, दार सेट करू. मात्र तोपर्यंत दार आपटू नका सर, बिजागरीवर ताण येतो. मला शिकवतो! हातातला कॉफीचा कप निसटला. त्याच्या दिशेने निसटला. शर्टावर डाग पडला, बाकी काही नाही.

२४ पर्यंत कोण थांबतो? दार मीच सेट करणार. फौजेत आम्ही ट्रकचे टप हाताने सरळ केलेत.

१५ मार्च, शनिवार
कोंडीबाकडून घण आणला. तो द्यायला तयार नव्हता, पण मी मागितल्यावर दिला.

मध्ये फळी धरायची आणि हलका ठोका द्यायचा, असं ठरलं होतं. पहिल्या ठोक्याला फळी फुटली. दुसरा थेट बसला. वरची फट कमी झाली! पण खालची उघडली. खाली ठोकलं तर वरची परत आली. मग दाराच्या चौकटीवर ठोकलं. मग कुठं कुठं ठोकलं ते नीट आठवत नाही. थांबलो तेव्हा दम लागला होता आणि कोंडीबाची म्हैस दावं तोडून पळाली होती.

एकूण प्रगती चांगली. फट आता सगळीकडे सारखी आहे. पत्रा थोडा आत गेलाय, पण उन्हात दिसत नाही.

शालनने माझ्या हातातून घण ओढला आणि उकिरड्यावर फेकला. ओढताना मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. बांगड्या फुटल्या त्या काचेच्या असतात म्हणून. रात्री ती बोलली नाही. मीही बोललो नाही. आमच्यात समजूतदारपणा आहे.

१८ मार्च, मंगळवार
फार वाईट दिवस. कंपनीने घात केला.

सांगलीला लग्न होतं. कार्यालयासमोर गाडी लावली. शालन मागून चौकटीला हात धरून उतरत होती. मी उतरलो आणि पद्धतीप्रमाणे तिच्या बाजूचं मागचं दार लावलं. पूर्ण ताकदीने.

तिची दोन बोटं मध्ये.

ती ओरडली नाही. खाली बसली फक्त. दार उघडायला मला दोन वेळा ओढावं लागलं, चौकट वाकल्यामुळे अडकलं होतं. एवढी फट, एवढी फट म्हणतात, मग बोटं मावायला नकोत? हाच तर मॅन्युफॅक्चरिंगचा दोष.

मिरजेला नेलं. ऑपरेशन झालं, हाडात तार घातली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, गाडीचा डिफेक्ट. शालन मध्येच म्हणाली, ह्यांनी आपटलं.

भुलीचा अंमल असावा. भूल द्यायच्या आधीच म्हणाली, पण घाबरली होती.

१९ मार्च, बुधवार
दादासो हॉस्पिटलला आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ माझ्या कानाखाली. मी स्ट्रेचरवर पडलो, स्ट्रेचर लिफ्टपर्यंत गेलं. परत येऊन मी त्याच्या तोंडावर एक दिली. त्याचा दात हलला, माझी मूठ फाटली. वॉचमननी दोघांना ओढून बाहेर काढलं. पायरीवर बसून दोघंही रक्त पुसत होतो. दादासो म्हणाला, अक्काला मी तासगावला न्हेतूय. मधी आलासा तर जित्ता सोडायचो न्हाई.

मी परवानगी दिली. विश्रांती मिळेल तिला. चार दिवसांत कंटाळून फोन करेल.

संकल्प: आता माणसांवर राग नाही. राग फक्त कंपनीवर.

२३ मार्च, रविवार
फोन आला नाही. रेंज नसेल.

भात करपला. पातेलं भिंतीवर फेकलं. उकिरड्यावरून घण शोधून आणला, धुतला, डिकीत ठेवला. उद्या २४. शोरूमची काच फोडणार. पेपरात येईल, कंपनी हात जोडेल, नवी गाडी देईल. ती गाडी घेऊन शालनला आणायला जाणार. इतकं सोपं आहे.

२४ मार्च, सोमवार. पोलीस स्टेशनातून सुटून आल्यावर
पहिला घाव काचेवर घातला. काच फुटली नाही, घण उलटून माझ्या नडगीवर आला. दुसऱ्याला फुटली. साखरेसारखी खाली सांडली. गिऱ्हाइकं पळाली. एक बाई टेबलाखाली शिरली आणि तिथून मला काका, नको, काका, नको म्हणत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

निमिषचा टाय धरला. टाय हातातच आला, नुसता क्लिपवर होता. मग थोबाडीत दिली. चष्मा उडाला. दुसरी द्यायला हात वर केला तर तो भिंतीला टेकून म्हणाला, सर, मॅडमचा हात कसा आहे?

दादासोने शोरूमला फोन करून सगळं सांगितलं होतं म्हणे. मी म्हणालो, बरा आहे. मला माहीत नव्हतं.

मग कळलं. कंपनीने चूक मान्य केली होती. अख्खं नवं दार पाठवलं होतं. मागे खोक्यात होतं, पांढरं, कोरं. मेकॅनिकने पोलिसांसमोरच लावून बघितलं. बसेना. चौकट घणाने पिचली होती. निमिष नाकाला रुमाल लावून म्हणाला, सर, आता हे वॉरंटीत येत नाही.

जामिनाला कोणी येईना. दादासोने फोन उचलला नाही. कोंडीबा आला. येताना गाडी त्यानेच चालवली, माझी नडगी सुजली होती. मी सांगितलं, हळू चालव. तो आधीच हळू चालवत होता.

२७ मार्च, गुरुवार
दार आता लागतच नाही. दोरीने बांधलं. तसं मजबूत आहे.

केस उभी राहील. त्या निमित्ताने कंपनीचं पितळ उघडं पडेल. निमिषने तक्रार मागे घ्यायला नकार दिला. कानात आवाज येतो म्हणे. एका थोबाडीत? आजकालची पोरं नाजूक.

६ एप्रिल, रविवार
सकाळी उठून दाढी केली. गाडी धुतली. दादासोला माफ करायचं ठरवलं. शालनला पुढे बसवून आणणार होतो. पेढे घेतले.

तासगावला पोचलो. सगळे अंगणात होते. दादासो, त्याची बायको, शेजारच्या दोघी. शालन खुर्चीवर, हाताला पट्टी, दुसऱ्या हातात चहाचा कप. बारीक झाली आहे. मी म्हणालो, चल, गाडी आणली आहे.

आणि हात वर केला.

तिने कप टाकला आणि मान खाली घालून डोक्यावर हात धरले. पट्टीचा हातसुद्धा. चहा सगळा पायावर सांडला. गरम होता. तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

दादासो उठला. मला वाटलं मारणार. मीही तयार होतो. पण तो माझ्याकडे न येता तिच्याजवळ गेला आणि तिच्या पायावर तांब्याने पाणी ओतत बसला.

खाली बघतच शालन म्हणाली, हात खाली घ्या आधी.

घेतला.

मग म्हणाली, जावा आता.

पेढे कठड्यावर ठेवले. आलो.

हात मी गाडी कुठे लावली आहे ते दाखवायला वर केला होता. हे तिला सांगायचं राहून गेलं.