बकू निघाली शाळेला

॥ श्री ॥

चिंचवड, ८ ऑगस्ट १९७१

ती. दादास,

सुमनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. वहिनीच्या गुडघ्याचं दुखणं उतारावर आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही खुशाल आहोत. ह्यांची या महिन्यात कंपनीत दुसरी पाळी आहे. हे घरी येतात तेव्हा बकू झोपलेली असते आणि बकू शाळेला निघते तेव्हा हे घोरत असतात, त्यामुळे बापलेकीची गाठ पडते ती रविवारी.

पुण्याच्या डॉक्टरांनी बकूच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा नवा बूट करून दिला आहे. पोलिओत पाय गेला तेव्हा ही पोर उभी राहील असं आपल्या घरात कोणी म्हणत नव्हतं. आता चौथीत आहे. शाळेत घेताना मोठ्या बाईंनी किती आढेवेढे घेतले होते, पडली झडली तर जबाबदारी कोणाची म्हणून! मी म्हटलं, माझी. आता त्याच बाई इतर मुलांना हिचं अक्षर दाखवतात. दादा, तिला पळता येत नाही, फुगडी घालता येत नाही, तिला सगळं जग आहे ते शाळेत. तेवढं तिचं टिकलं की मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही.

तुझी मुंगळ्याची आणि गांडूळबुवांची पुस्तकं वाचून वाचून तिने चिंध्या केल्या आहेत, आणि आता तुझ्यावर रुसली आहे. मामाने माशीसुद्धा सोडली नाही, मग गोगलगायीनेच काय घोडं मारलं, असं विचारते. सध्या आमच्या नळाच्या ओल्या भिंतीवर गोगलगायी मायंदाळ. एकेकीला नाव ठेवलं आहे. सकाळी बाकीच्या पोरांच्या कितीतरी आधी निघते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत जाते. पाय उचल म्हटलं की पाठीवरचं दप्तर दाखवून म्हणते, गोगलगायीला कसली घाई, घर पाठीवरच आहे की! आता लिही बाबा एकदाचं गोगलगायीवर, नाहीतर दिवाळीला मामाला ओवाळायची नाही म्हणते.

लहानांना आशीर्वाद. कृपालोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी,
सुमन

॥ श्री ॥

कराड, २० ऑगस्ट १९७१

चि. सौ. सुमन हीस,

ज्योतीरामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा निवला. तुझी वहिनी दोनदा हाक मारून गेली, मला पत्ता नाही. पाठीवर दप्तराचं घर! अगं, इतकी वर्षं मी किड्यामुंग्यांवर लिहितो, छापणारे मला थोर म्हणतात, आणि असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. सुरवंट दिसला की किंचाळत माडीवर पळणाऱ्या बाईच्या पोटी अशी मुलगी निपजली, हा चमत्कारच म्हणायचा.

तेव्हा लिहायला बसलो आहे. पण मला बारीकसारीक लागतं. बूट जमिनीवर टेकतो तेव्हा आवाज कसा येतो? पाय उचलते की ओढते? पडली तर उठते कशी, आधी हात टेकते की गुडघा? बरोबरची पोरं काय म्हणतात? सगळं लिही, अगदी लाजू नकोस. भाचीला अजरामर करून टाकतो की नाही बघ.

बबनरावांना नमस्कार. त्यांना म्हणावं, मुलगी तुमची असली तरी आता ती आमच्या कामाची आहे. घरच्या सर्वांचा तुम्हां तिघांवर जीव आहे, तुमचाही असू द्यावा.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

चिंचवड, १२ डिसेंबर १९७१

ती. दादास,

सुमनचा शि. सा. न. वि. वि.

लढाईमुळे इकडे संध्याकाळी सगळा अंधार. खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. कंपनीत मात्र ओव्हरटाइम जोरात आहे.

तू विचारलेलं सगळं मी मागेच कळवलं होतं. पुस्तक छापून होत आलं आणि त्यात बकूचं नाव आहे हे वाचून मी अंधारातच सगळ्या चाळीला सांगून आले. आता माझा एक हट्ट पुरव. गेल्या संक्रांतीला समोरच्या केसरबाईंनी हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटल्या आणि वर्षभर तोऱ्यात वावरल्या. यंदा मी वाण म्हणून तुझं पुस्तक लुटणार. वसाहतीत घरटी एक जाईल इतक्या प्रती पाठव. पुस्तकं बकू स्वतःच्या हाताने देईल. तिच्याकडे बघून चुकचुकणाऱ्या बायकांना कळू दे, ही कोणाची भाची आहे ते.

एवढं कर. लोभ आहेच, बहिणीचा हट्ट म्हणून जरा जास्तच असावा.

तुझी,
सुमन

॥ श्री ॥

चिंचवड, २ फेब्रुवारी १९७२

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांचा गठ्ठा हळदीकुंकवाच्याच दिवशी दुपारी आला. घरात तिळगुळाचा पसारा, बायका यायची वेळ झालेली. मी दोरी कापली, वरचं चित्र पाहिलं, आत ‘माझ्या लाडक्या बकूला’ असं छापलेलं पाहिलं आणि मला रडूच आलं. पुढे एक पान उलटलं नाही. बकू नवा परकर नेसून दारात बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात पुस्तक देत होती. त्या दिवशी तिच्याइतकं सुखी कोणी नव्हतं. पलीकडच्या भिमाबाई बौद्ध, त्या हळदीकुंकवाला येत नाहीत. त्यांच्या घरी बकू स्वतः जाऊन पुस्तक देऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिमाबाई पदराखाली पुस्तक घेऊन आल्या. म्हणाल्या, सुमनताई, हे आधी वाचायचं व्हतं, मग वाटायचं. मग मी वाचलं. दादा, शाळेला निघालेली ती गोगलगाय म्हणजे मी तुला लिहून कळवलेली माझी मुलगी. आवाजसुद्धा माझ्याच पत्रातला! तोवर बाहेर केसरबाईंचा विलास आणि त्याची टोळी पुस्तकातलं गाणं गातच होती:

टक् फरफट, टक् फरफट, बकू निघाली शाळेला,
शाळा सुटली, घंटा झाली, बकू पोचली वेळेला!

पुस्तकात मुंग्या गोगलगायीने पळावं म्हणून तिच्यावर मीठ टाकतात आणि ती वळवळते तेव्हा सगळं रान हसतं. पोरं आता घरून मिठाच्या पुड्या नेतात. परवा शाळेच्या वाटेवर तिच्या पायावर मीठ टाकलं आणि वळवळ म्हणाले. बूट घासून घासून तिथे कातडी सोलवटलेली असते. तिने घरी येऊन फक्त पाय धुवायला पाणी मागितलं.

मोठ्या बाई म्हणतात, वर्गात शिकवणं अशक्य झालं आहे, काही दिवस मुलीला घरी ठेवा. पोरांना नाही, हिला! दादा, तिची शाळा सुटेल रे. पुढच्या आवृत्तीत नाव बदल आणि ते गाणं काढ. पदर पसरते.

तुझी,
सुमन

॥ श्री ॥

कराड, १४ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. सुमन हीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. पुस्तक निघून महिना झाला नाही तोच पोरांना तोंडपाठ! याहून मोठी पावती लेखकाला कोणती? पोरं चिडवतातच. मला शाळेत बोकड म्हणायचे, माझं काय वाकडं झालं? बकूलाही म्हणावं, हस त्यांच्याबरोबर. आयुष्यभर तिला लोक बघणारच आहेत, सवय झालेली बरी.

आणि दोष द्यायचाच तर नीट दे. विषय तुझा, आवाज तुझा, पडल्यावर उठण्याची तऱ्हा तुझ्याच अक्षरातली. मी इथे कराडला बसलो होतो. वसाहतीत घरोघर पुस्तक पोचवलं कोणी? न वाचलेलं पुस्तक वाण म्हणून लुटणारी महाराष्ट्रात तू एकटीच निघालीस! तुझ्या हौसेचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. नाव बदलणं होणार नाही. दुसरी आवृत्ती यंत्रावर चढली आहे आणि गाण्यावाचून पुस्तकात उरतं काय?

आता आनंदाची बातमी. पुस्तकाला बक्षीस मिळालं आहे. एप्रिलअखेर पुण्यात मुलांचा मेळावा आहे, तिथे समारंभ. बकूला घेऊन ये. व्यासपीठावर बोलावून सगळ्यांना सांगतो की ही माझी हुशार भाची. मग बघ, तुमच्या वसाहतीतली पोरं कशी गप्प होतात.

राग निवळला की उत्तर लिही. आमचा लोभ तुझ्या रागापेक्षा जुना आहे.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

चिंचवड, ३ मे १९७२

ती. दादास,

नमस्कार.

मेळाव्याहून येताना तुझ्याशी बोलले नाही, म्हणून लिहिते.

मामा सगळ्यांसमोर सांगणार आहे, या एका आशेवर बकू मोठ्या बाईंचं न ऐकता दोन महिने ते गाणं ऐकत शाळेत गेली. दात खाऊन परीक्षा दिली. मेळाव्यात तू तिच्या पाठीला पुठ्ठ्याचा शंख बांधलास तेव्हा तो बहुमान समजून ती माझ्याकडे बघून हसली. मग तू तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलंस आणि सभागृहाला गाणं म्हणायला लावलंस. हुशारीचं एक अक्षर बोलला नाहीस. ती चालली. मधे पडली, आणि ती उठते कशी हे तू लोकांना हाताने दाखवलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, म्हणून मीही वाजवल्या. हे माझे हात तोडून टाकावेसे वाटतात.

त्या दिवसापासून बकूने बूट काढून खाटेखाली सारला आहे. बाहेर पाऊल टाकत नाही. निकाल हे जाऊन घेऊन आले. पहिली आली आहे. तिने कागद बघितलासुद्धा नाही. ह्यांनी तुला भेटायला यायचं ठरवलं होतं, मी पाया पडून थांबवलं.

आता शेवटचं मागणं. काल खूप विनवल्यावर ती एवढंच म्हणाली, की मामा स्वतः आला आणि पोरांना सांगितलं, तर जाईन. १२ जूनला शाळा उघडते. त्या दिवशी ये. फाटकापाशी उभा राहा आणि एवढं म्हण की ती गोगलगाय ही नव्हे, मी चुकलो. पुस्तक विकलं जाऊ दे, बक्षीस तुझं तुला लखलाभ. पण तिला शाळेत पोचव.

वाट बघते.

सुमन

॥ श्री ॥

कराड, २५ मे १९७२

चि. सौ. सुमन हीस,

अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये येणं जमणार नाही. तिसरी आवृत्ती निघते आहे, शिवाय लेखकाने फाटकाशी उभं राहून पोराटोरांची माफी मागावी हे काही मला शोभत नाही. मेळाव्यात तुला काय खुपलं तेच कळत नाही. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या!

परंतु तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनातून हलत नाही. बकूने बूट काढला आणि ती बाहेर येत नाही. शंखात गेलेली गोगलगाय! दुसरा भाग आपोआप पुढ्यात आला, प्रकाशकही उड्या मारतो आहे. तेव्हा सविस्तर लिही. दिवसभर करते काय? बुटावाचून घरात सरकते कशी, बसून की हातांवर? बाहेर पोरं खेळतात तेव्हा कान देते की तोंड फिरवते? रडते का? रडते तर आवाज येतो का? पावसाळ्याआधी कळव, म्हणजे दिवाळीला पुस्तक निघेल.

बकूला म्हणावं, मामा तिच्यावर आणखी एक पुस्तक लिहितो आहे, नाव तिनेच सुचवावं. तिच्या वाट्याला केवढं भाग्य आलं आहे हे ती मोठी झाली म्हणजे कळेल. उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलो आहे.

तुझा,
दादा

चिंचवड, १२ जून १९७२

श्री. ज्योतीराम यांस,

तुझं पत्र माझ्या आधी तिने वाचलं. आज शाळा उघडली. सकाळी घंटा ऐकू आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, उठली नाही. मामाला काय कळवू असं मी विचारलं. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, लिही की बकू मेली, म्हणजे पुढचं पुस्तक होणार नाही.

तेव्हा कळवण्यास दुःख होते की बकू गेली. वय वर्षे दहा. घरात जी मुलगी आहे तिच्याबद्दल यापुढे तुला एक अक्षर कळणार नाही.

सुतक धरायचं की नाही ते तुझं तू बघ. कार्ड वाचून फाडून टाक, असली पत्रं घरात ठेवत नाहीत.

सुमन